अनसिंगचं हॉलंड

अनसिंगचे पोस्टमास्तर देवमन पडघान ग्रामपंचायतीच्या सभेत उभे राहिले ते फुटबॉलविरुद्ध तक्रार करायला. पोस्ट मैदानाला अगदी लागून होतं आणि संध्याकाळच्या खेळातला चेंडू आठवड्यातून दोनतीनदा तरी खिडकीतून आत येऊन टेबलावर बसायचा. एकदा तर तो शाईच्या गादीवरून घरंगळत टपालाच्या पोत्यात पडला, आणि पोत्याला मोहोर लागून तो वाशीमला रवानाही झाला. त्याच्या परतीसाठी मास्तरांना जी लेखी उत्तरं द्यावी लागली त्यांचा राग त्यांच्या मनात अजून ताजा होता.

पण सभेत आधीपासून सरपंच पंजाबराव बोलत होते. दरवर्षी पंधरा ऑगस्टला अनसिंगचा संघ कारंजाला जायचा, तिथल्या जयहिंद क्रीडा मंडळाशी सामना खेळायचा आणि हरून परत यायचा. आदल्या वर्षी अकरा गोल झाले होते. म्हणजे अकरापर्यंत मोजले, पुढं मोजणारा चहाला निघून गेला. पंजाबरावांचं म्हणणं सरळ होतं. गावाला बैलबाजारासाठी जागा पाहिजे, आणि मैदान रिकामं आहे.

"हारासाठी मैदान कायले पाह्यजे?" ते म्हणाले. "हारनं तं घरीबी होते. यंदा हारनार नाई, अशी जिम्मेदारी कोनी घेत असन तं सांगा. मंग मी बैलबाजाराचं नाव काढत नाई."

खेळणारे सगळे खाली मान घालून बसले होते. उभे होते फक्त पडघान मास्तर, आणि त्यांच्या तोंडात तक्रारीचं पहिलं वाक्य तयार होतं.

"पडघान मास्तर उभे हायेत," पंजाबराव म्हणाले. "बरं झालं. गावात एक तं मर्द निंगाला."

तक्रार बाहेर पडेपर्यंत टाळ्या सुरू झाल्या होत्या. आता इथं मास्तरांनी नाही म्हणायला हवं होतं, हे कोणीही सांगेल. पण पोस्टाच्या नोकरीत माणसाला पोच मिळते, टाळ्या मिळत नाहीत. मास्तरांच्या एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासाठी कोणी हात वर केला होता तो फक्त खिडकीतून पैसे पुढं करायला. शिवाय टाळ्या ऐकता ऐकता त्यांच्या डोक्यात दुसरा हिशेब झाला: चेंडू खिडकीतून आला तर एकच येतो, बैलांचं तसं नसतं. ते खाली बसले ते अनसिंग संघाचे मॅनेजर होऊन.

घरी दुर्गाबाईंनी विचारलं, "तक्रार देली का?"

"देली," मास्तर म्हणाले. "पन ती मलेच भेटली."

फुटबॉलबद्दल मास्तरांचं ज्ञान चेंडू गोल असतो इथं संपत होतं. ती उणीव गावानं भरून काढली. दुसऱ्या दिवसापासून जो पोस्टकार्ड घ्यायला येई तो जयहिंदला हरवायचा एक उपाय ठेवून जाई. शेजारच्या भागिरथाबाई म्हणाल्या, पोट्ट्यांना रोज भिजवलेले हरभरे द्या, पण मोजून द्या, नाहीतर मैदानावर वेगळीच पंचाईत होईल. ग्यानबा शिंपी, जो स्वतः बॅकला खेळायचा, त्याचं मत असं की आपण हरतो ते चड्ड्यांमुळे. कमरेला नाडी असली की खेळाडूचा एक हात कायम नाडीवर राहतो आणि अर्धं लक्ष तिथं जातं. कापड दुकानदार माणिकचंद गोलकीपर होता, कारण गोलात उभं राहिल्यावर त्याच्या दोन्ही बाजूंनी फारशी जागा उरत नसे. त्याची आई हीराबाई, जैन रीत कडक पाळणारी, पोस्टाच्या पायरीवर येऊन बसली आणि तिनं मास्तरांना बजावलं, "चातुर्मास लागला, मास्तर. सूर्य बुडाच्या आंदी माह्या पोराच्या पोटात अन्न गेलंच पाह्यजे. मंग तुमचा सामना राहो का जावो."

मास्तर प्रत्येकाला "विचार करतो" म्हणाले. खरं तर त्यांना एकही उपाय दुसऱ्यापेक्षा वाईट वाटत नव्हता, आणि तीच अडचण होती.

मार्ग दाखवला तो रेडिओनं. जुलै महिना होता, सन चौऱ्याहत्तर. माणिकचंदच्या दुकानात साड्यांच्या गठ्ठ्यावर रेडिओ असायचा आणि पोस्ट बंद केल्यावर मास्तर बातम्या ऐकायला तिथं जायचे. तिकडं जर्मनीत जगभरातल्या देशांचे फुटबॉलचे सामने चालू होते. एरवी मास्तर तेवढ्यापुरते कान बंद करत. आता ते गठ्ठ्याजवळ सरकले. रेडिओतला माणूस सांगत होता, "हॉलंडच्या संघात कोणाचीही जागा ठरलेली नाही. प्रत्येक खेळाडू सगळीकडे खेळतो. मागचा पुढे जातो, पुढचा मागे येतो, आणि प्रतिस्पर्धी पुरता गोंधळून जातो. हे त्यांना कसे साधते, तर त्याचे रहस्य असे की..."

इथं वीज गेली.

अंधारात माणिकचंद मेणबत्ती शोधत होता, पण मास्तरांच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला होता. एखादी गोष्ट अर्धी कळली की उरलेली अर्धी आपण घरून आणू असं माणसाला वाटतं. वीज दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोपर्यंत हॉलंड पुढं गेलं होतं आणि रेडिओवर कापसावरच्या किडीबद्दल माहिती चालू होती.

संध्याकाळी मास्तरांनी संघाला मैदानात गोल बसवलं.

"आजपासून कोनाचीच जागा ठरेल राहनार नाई," ते म्हणाले. "ज्यानं त्यानं सगळीकडे खेळाचं."

संघाचा कप्तान गोविंदसिंग हा बंजारा तांड्यावरचा. सडकेच्या कामावर खडी फोडायचा, आणि त्याची किक पाहून ती पायानंच फोडत असावा असं वाटे. त्यानं थोडा विचार करून विचारलं, "सगळीकडे म्हंजे एकाच टायमाले?"

"नाई. पाळीपाळीनं."

"मंग पाळी कोन सांगन?"

हा प्रश्न रास्त होता, म्हणून मास्तरांनी तो उद्यावर टाकला. शिट्टी वाजली आणि संघ सगळीकडे खेळू लागला. म्हणजे काय, तर अकराही जण चेंडूजवळ गेले. चेंडू त्यांच्या पायांत असा हरवला की थोड्या वेळानं तो बाहेर पडून एकटाच पोस्टाकडे निघाला तरी ते तिथंच लाथा झाडत राहिले. माणिकचंदसुद्धा गोल सोडून आला होता. मास्तरांनी त्याला विचारलं, "तू कायले आला?" तर तो म्हणाला, "तुमीच सांगतलं."

मग मास्तर ओरडले, "कोनी तरी आपल्या जागेवर राहा रे."

"कोनत्या जागेवर?" ग्यानबा म्हणाला. "जागा तं तुमीच काढून टाकल्या."

मास्तरांच्या मानी स्वभावाला हे लागलं. त्या दिवसापासून ते घरीही विचार करू लागले, आणि विचाराला काही तरी साधन पाहिजे म्हणून स्वयंपाकघरातल्या वाट्या, डबे आणि पेले त्यांनी ओट्यावर मांडून खेळवायला सुरुवात केली. वाटी पुढं सरकली की तिच्या जागी पेला यायचा, पेल्याच्या जागी डबा.

"मीठ कुठं हाये?" दुर्गाबाई विचारायच्या.

"सध्या पुढं हाये," मास्तर म्हणायचे.

दोन दिवस वरणात साखर पडली. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी सगळी भांडी पदराखाली घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या हॉलंडातले लोक जेवत नसतीन का?"

पण त्या ओट्यावरच मास्तरांना त्यांची सर्वांत मोठी कल्पना सुचली. दोन वर्षांपूर्वी पोस्टानं पिनकोड सुरू केला होता. सहा आकडे लिहिले की पत्र नेमकं कुठं जायचं ते ठरतं, हे मास्तरांना फार आवडलेलं. गावात तो आकडा कोणी लिहीत नसे. मास्तर इतरांच्या पत्रांवर स्वतःच्या हातानं लिहून देत आणि लोकांना वाटे की ते पत्राचा काही दंड लावतात. ज्या देशातलं कुठलंही गाव आकड्यांत बसतं तिथं एक मैदान का बसू नये? मास्तरांनी चुना मागवला, मैदानाचे चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनाला पिनकोड दिला.

पहिल्या दिवशी त्यांनी सहाच्या सहा आकडे सांगितले. गोविंदसिंग शहाण्यासारखा सगळे आकडे ऐकून घेईपर्यंत उभा राहिला, आणि तेवढ्यात चेंडू मारुतीच्या देवळामागं गेला. मग शेवटचा एकच आकडा ठेवायचं ठरलं. मास्तर रेषेवर उभे राहून "सात" म्हणाले की जवळच्यानं साताच्या चौकोनात जायचं.

"मास्तर, मी पाचात होतो," ग्यानबा धापा टाकत यायचा. "आता सातात गेलो. मंग पाचात कोन?"

"जो रिकामा असन तो."

"रिकामं कोनीच नाई. सगळे पळून राह्यले."

मास्तर त्यावर "हं" म्हणत. आपल्याला हे समजलं आहे की नाही हे त्यांना स्वतःलाही नक्की सांगता आलं नसतं. पण पंजाबराव रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेनं पावलं टाकत बैलांच्या दावणी कुठं येतील ते पाहत हिंडत, आणि त्यांना पाहिलं की मास्तरांचा आवाज आपोआप चढे. "जागा सोडा," ते ओरडत. "एकानंबी जागेवर राह्यचं नाई. जागा सोडा."

नेमकं हेच वाक्य अकोल्याहून तपासणीला आलेल्या पोस्टाच्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या कानावर पडलं. मे महिन्यातच रेल्वेचा मोठा संप होऊन गेला होता आणि सरकारी साहेबांना तेव्हा भिंतीवरची पालही संपावर गेल्यासारखी दिसे. साहेबांनी मास्तरांना पोस्टात बोलावलं, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"पडघान, कोणी आपल्या जागेवर राहायचं नाही असं तुम्ही लोकांना सांगता?"

"हो साहेब."

"किती लोक सामील आहेत?"

"अकरा. गोलकीपर धरून."

"गोलकीपर कोण?"

"कापडाचा दुकानदार आहे."

"म्हणजे व्यापारीही आहेत," साहेब म्हणाले आणि त्यांनी घाम पुसला. "आणि हे शिकवलं कोणी तुम्हाला?"

"हॉलंडनं, साहेब."

परदेशाचं नाव निघाल्यावर साहेबांनी पाणी मागितलं. नेमका तेव्हाच चेंडू खिडकीतून आत येऊन त्यांच्या पेल्यावर बसला, म्हणून प्रकरण मिटलं. नाही तर मास्तरांची बदली नक्की होती. सगळा खुलासा झाल्यावर साहेबांनी तोंडी परवानगी दिली, पण एका अटीवर. सरकारी नोकरानं मैदानात पाय ठेवायचा नाही. जे काय सांगायचं ते रेषेबाहेरून सांगायचं. मास्तरांनी मान डोलावली. त्यांना मैदानात पाय ठेवायची हौस कधीच नव्हती.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन उरकून संघ एस.टी.नं निघाला. वाशीम, मंगरूळ करत कारंजाला पोचेपर्यंत आभाळ भरून आलं होतं. पंजाबरावही आले होते. म्हणाले, स्वतःच्या डोळ्यानं पाहिलेलं बरं. ग्यानबानं नाडीऐवजी बटणांच्या चड्ड्या शिवल्या होत्या आणि संघ त्यांची बटणं सारखी तपासून पाहत होता.

जयहिंदचे खेळाडू मैदानात आधीच उतरले होते. त्यांना बूट होते, गुडघ्यापर्यंत मोजे होते, पाठीवर आकडे असलेले पांढरे शर्ट होते. ते रांगेनं पळत, रांगेनं थांबत आणि चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे असा जाई की जणू मध्ये दोरी बांधली आहे. अनसिंगचा संघ ते पाहत उभा राहिला. माणिकचंद म्हणाला, "मास्तर, मले भूक लागली."

टेबलाशी जयहिंद मंडळाचे अध्यक्ष प्रेमचंद शेठ बसले होते. कापसाचे व्यापारी, माणूस सभ्य आणि वाचणारा. शेजारी त्यांचा चिटणीस खेळाडूंची माहिती घेत होता.

"गोविंदसिंग. कुठं खेळते?"

"सगळीकडे," मास्तर म्हणाले.

"बरं. ग्यानबा?"

"तोबी सगळीकडे."

चिटणिसानं लेखणी खाली ठेवली. "मास्तर, मैदानात अशी जागा नाई."

"हॉलंडात हाये," मास्तर म्हणाले, आणि आयुष्यात प्रथमच त्यांना आपण काही तरी जाणतो असं वाटलं.

प्रेमचंद शेठनी कौतुकानं वर पाहिलं. "वा. हॉलंडचा खेळ आनला का तुमी? बढिया खेळले ते. पन हारले बिचारे."

"कोन हारले?"

"हॉलंड. फायनलमंदी. जर्मनीनं हारवलं त्याइले. महिना होऊन गेला की."

मास्तरांच्या पायाखालची कारंजाची जमीन सरकली. वीज गेली त्या संध्याकाळपासून ते हॉलंड जिंकलं असंच धरून चालले होते. जिंकल्याशिवाय कोणी एवढी चर्चा कशाला करील? मागं गोविंदसिंग उभा होता. त्यानं विचारलं, "काय म्हनते शेठ?"

"काई नाई," मास्तर म्हणाले. "पावसाचं म्हनते."

पाऊस मात्र खरंच आला. आधी पाहुण्यांचं भाषण झालं, ते स्वातंत्र्यलढ्याच्या उगमापासून सुरू झालं होतं. ते चालू असतानाच सर सुरू झाली आणि भाषण व सर या दोन्ही गोष्टी एकदमच थांबल्या तेव्हा मैदानाची काळी माती लोण्यासारखी झाली होती. सामना सुरू व्हायलाच इतका उशीर झाला की माणिकचंद सारखा आभाळाकडे पाहू लागला. ढगांत सूर्य कुठं आहे हे कळायला मार्ग नव्हता. त्याची मावशी भंवरीबाई मैदानामागच्या गल्लीतच राहायची आणि तिनं ताट वाढून ठेवलं आहे हा निरोप त्याला दोनदा येऊन गेला होता.

मास्तरांना रेषेबाहेर खुर्ची मिळाली. एका हातात छत्री धरून त्यांनी पहिला आकडा पुकारला.

"सात."

इथं चुन्याचे चौकोन नव्हते, तरी अनसिंगचा एक जण अंदाजानं साताच्या चौकोनाकडे धावला, हे ठीक. पण जयहिंदचा पाठीवर सात आकडा असलेला खेळाडूही चेंडू सोडून मास्तरांकडे वळला आणि "काय?" म्हणाला. तेवढ्यात गोविंदसिंगनं त्याच्या पायातला चेंडू काढून नेला. मास्तरांना वाटलं आपलं काही तरी चुकलं. त्यांनी घाईनं "नऊ" म्हटलं, तर जयहिंदचा नऊ थांबला. जयहिंदवाल्यांनी पंचांकडे तक्रार केली. पंच अकोल्याचे ड्रिल मास्तर होते. त्यांनी येऊन विचारलं, "हे आकडे कशाचे?" मास्तर म्हणाले, "पोस्टाचे." पंचांनी त्यावर विचार केला आणि त्यांना मनाई करण्यासारखं काही सापडलं नाही.

तरीही पहिल्या भागात जयहिंदनंच हल्ले केले. एकदा चेंडू माणिकचंदच्या पोटावर आदळला, एकदा खांबावर, आणि एकदा चिखलात रुतून गोलाच्या तोंडाशी थांबला. हाफटाइमला एकही गोल झालेला नव्हता. पंजाबराव छत्रीखाली येऊन म्हणाले, "हे काय चालू हाये मास्तर?" मास्तर म्हणाले, "पाहा लागन."

दुसऱ्या भागात पुन्हा एक सर आली आणि त्यानंतर कोण कोणाचं हे कळेनासं झालं. जयहिंदचे पांढरे शर्ट काळे झाले, अनसिंगचे पिवळे शर्ट काळे झाले, पाठीवरचे आकडे गेले, तोंडं गेली. जयहिंदचे खेळाडू शिकवल्याप्रमाणे चेंडू आपल्या माणसाच्या जागेवर देत, आणि त्या जागेवर आपला माणूस नसून ग्यानबा असे. ज्याला आपला समजून हाक मारावी तो तांड्यावरच्या भाषेत उत्तर देई. जयहिंदचे शिस्तीतले पोट्टे बावचळून उभे राहू लागले. अनसिंगवाल्यांना मात्र यात नवीन काही नव्हतं. महिनाभर त्यांना आपण कुठं आहोत आणि शेजारी कोण आहे हे कळलेलंच नव्हतं. ते आपले नेहमीसारखे पळत होते.

मास्तर खुर्चीवरून उठून ओरडत होते. पावसात चुन्याची रेषा पार धुऊन गेली होती, आणि आपण मैदानाबाहेर आहोत की आत, हे त्यांना एकाएकी कळेना. इन्स्पेक्टरसाहेबांची अट आठवून ते सावधपणे एक पाऊल मागं सरकले. तिथंच पाय घसरला. छत्री एकीकडे गेली आणि मास्तर दुसरीकडे, उतारावरून पोटावर घसरत थेट खेळात. उठले तेव्हा डोक्यापासून बुटापर्यंत ते चिखलाचे झाले होते. चष्म्याच्या काचांवर काळोख होता.

"बसून काय राह्यला बे?" जवळून गोविंदसिंगचा आवाज आला आणि कोणी तरी बखोटीला धरून त्यांना उभं केलं. "सातात कोनीच नाई. पळ."

मास्तरांना सांगायचं होतं की मी मी आहे. पण तोंडात माती होती, आणि महिनाभर आपणच दिलेला हुकूम असा कानात ओरडून आला की पाय विचारत नाहीत. ते पळाले. सात कुठं आहे हे त्यांना दिसत नव्हतं. समोर काही तरी उंच दिसलं, तिकडे ते गेले. जयहिंदचा गोलकीपर तेव्हा समोरून येणारा चिखलाचा माणूस आपला की त्यांचा याचा विचार करत होता. मास्तरही त्याच्याकडे पाहून नेमका तोच विचार करत होते. इतक्यात मागून गोविंदसिंगची किक आली, चेंडू मास्तरांच्या गुडघ्यावर बसला आणि कोणालाही काही न विचारता गोलात गेला.

शिट्टी वाजली. क्षणभर कोणीच आनंद केला नाही, कारण गोल कोणी केला हे कोणाला माहीत नव्हतं. जयहिंदचे दोघे एकमेकांना मिठी मारू लागले आणि मग गोल आपल्याच जाळ्यात आहे हे पाहून सुटे झाले. पंचांनी दोन्ही संघांना वेगळं उभं केलं आणि डोकी मोजली. इकडे अकरा, तिकडे अकरा. पंचांनी गोल मान्य केला. कडेला पंजाबरावांच्या हातातली टोपी आपोआप वर गेली.

आणि तेवढ्यात गल्लीच्या बाजूनं माणिकचंद आला. तोंड धुतलेलं, शर्ट बदललेला, मिशीला तूप. त्यानं हात पुसत विचारलं, "काई झालं का?"

सगळ्यांची मान त्याच्याकडे वळली. तो जेवायला गेला आहे हे अनसिंगच्या संघात कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पंचांनी पुन्हा मोजलं. इकडे बारा.

"बारावा कोण?" पंचांनी विचारलं.

गोविंदसिंग पुढं आला आणि शांतपणे म्हणाला, "सायेब, आमच्यात कोनाची जागाच ठरेल नाई. मंग बारावा कोन हे कसं सांगाव?"

पंच पुन्हा डोकी मोजू लागले. प्रेमचंद शेठ मात्र मोकळ्या खुर्चीकडे आणि उलट्या पडलेल्या छत्रीकडे पाहत होते. चिखलाच्या आत मास्तर उभे होते. गप्प राहिलं तर सामना जिंकलेला होता. मैदान वाचलेलं होतं. त्यांना शोधून काढायला आधी एखाद्या विहिरीचं पाणी ओतावं लागलं असतं. पण ज्या माणसानं पोत्यात गेलेल्या चेंडूचीसुद्धा लेखी कबुली दिली होती, त्याला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. त्यांनी चष्मा काढला. डोळ्यांभोवती दोन स्वच्छ गोल उमटले.

"बारावा मी हाये," ते म्हणाले. "देवमन पडघान, पोस्टमास्तर."

गोल रद्द झाला. अंधारही झाला होता, म्हणून पंचांनी तिथंच शेवटची शिट्टी फुंकली. शून्य विरुद्ध शून्य. मास्तरांनी मान खाली घातली. अनसिंगचे खेळाडू त्यांच्याभोवती उभे राहिले.

आणि तेव्हा पलीकडे आरडाओरडा सुरू झाला. जयहिंदचे खेळाडू नाचत होते. त्यांनी गोलकीपरला खांद्यावर घेतलं होतं, बूट हवेत उडवले होते, आणि त्यांचा एक जण चिखलात लोळून रडत होता.

पंजाबराव पुढं आले. मग त्यांनी ग्यानबाला विचारलं, "हे काहून नाचून राह्यले?"

"बरोबरी झाली म्हनून."

"आपल्यासंगं?"

"आपल्यासंगं."

पंजाबरावांनी टोपी झटकली, डोक्यावर नीट बसवली आणि इकडेतिकडे पाहिलं. "बैलबाजाराले दुसरी जागा पाहा लागते," ते म्हणाले. "हे पोट्टे कुठं खेळतीन मंग?"

मास्तरांना यातलं सगळं ऐकू आलं, पण आपण जिंकलो की हरलो की यातलं काहीच झालं नाही, हे त्यांच्या डोक्यात अजून बसत नव्हतं. ते नळाखाली हात धूत असताना प्रेमचंद शेठ शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी आजूबाजूला कोणी नाही हे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, एक इनंती हाये. तुमचं हे सगळीकडे खेळाचं जे हाये, ते आमच्या पोट्ट्याइले शिकवसान का? पुढच्या साली नको, पन कधी तरी. आमाले तं आज काईच समजलं नाई."

मास्तरांनी नळ बंद केला. एवढा मोठा माणूस आपल्याला काही तरी विचारतो आहे, तेव्हा खरं सांगणंच बरं असं त्यांना वाटलं.

"शेठजी, खरं सांगू का," ते म्हणाले, "मलेबी अजून काईच समजलं नाई."

प्रेमचंद शेठ कसनुसं हसले, हात जोडले आणि जायला वळले.

"सांगाचं नसन तं राहू द्या, मास्तर," ते म्हणाले. "मीबी सांगतलं नसतं."